मांजराच्या जिभेवरचे काटे नक्की काय काम करतात? पर्शियनच्या जटा आणि बोक्याच्या जिभेवरचा डाग

गंगापूररोड_दोनमांजरं

घरात दोन मांजरं आहेत. एक देशी बोका, तीन वर्षांचा, चार किलोचा. दुसरी पर्शियन मांजरी, दीड वर्षाची. दोघंही सारखीच अंग चाटत बसतात. बोक्याचं अंग कायम लख्ख असतं. पर्शियनच्या कानामागे आणि काखेत मात्र दर आठवड्याला जटा धरतात. हा फरक कशामुळे?

दुसरं म्हणजे, बोक्याने हात चाटला की काचपेपर घासल्यासारखं वाटतं. हे काटे हाडाचे असतात की कातडीचे? झिजतात का? आणि सगळ्यांचं तोंड घशाकडेच का?

तिसरं जरा काळजीचं. चार दिवसांपासून बोक्याच्या जिभेच्या टोकाशी एक लालसर, गुळगुळीत डाग दिसतोय, मुगाच्या डाळीएवढा. खातो, पण कोरडं खाणं टाळतो. पाडव्यानंतर ऊन तापायला लागलं तसं दोघांचंही चाटणं वाढलंय, त्याचा याच्याशी संबंध आहे का? ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनीच लिहावं, ही विनंती.

भिंग_आणि_काचपट्टी

रचनेपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची मुळं तिथेच आहेत.

काटे हाडाचे नाहीत. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे बनतात, त्याच केराटिनचं टणक टोपण प्रत्येक काट्यावर असतं. काट्याचं बूड जिभेच्या मऊ मांसात रुतलेलं असतं. वरचा थर झिजतो आणि खालून नवा येत राहतो, त्यामुळे निरोगी मांजराची जीभ म्हातारपणीही खरखरीत राहते.

बोका जांभई देईल तेव्हा मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता गालाच्या बाजूने मारा. तिरप्या उजेडात प्रत्येक काट्याची सावली पडते आणि जिभेचे वेगवेगळे भाग चटकन कळतात. अगदी टोकाचा छोटा भाग जवळजवळ गुळगुळीत असतो. त्याच्या मागे, मधल्या पट्ट्यात, मोठे टोकदार काटे रांगेने मागे वळलेले दिसतात. कडांवर अळंबीच्या टोपीसारखे बारीक उंचवटे असतात आणि अगदी मागे, घशाजवळ, भोवती खंदक असलेले चार-सहा मोठे गोल उंचवटे. चव कळते ती या अळंबीसारख्या आणि खंदकवाल्या उंचवट्यांवर. टोकदार काट्यांवर चवीच्या कळ्या नसतातच. त्यांचं काम निव्वळ यांत्रिक आहे.

आता मुख्य गोष्ट. हे काटे भरीव शंकूसारखे असतात असाच समज बरीच वर्षं होता. २०१८ मध्ये जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी जिभांचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले, तेव्हा कळलं की काट्याचं टोक पोकळ आहे. चमचा अर्धवट मिटवल्यावर जसा आकार होईल तशी इंग्रजी यू अक्षरासारखी ती खोबण असते. केशाकर्षणाने लाळ आपोआप त्या खोबणीत चढते. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच, मांजराला त्यासाठी काहीच करावं लागत नाही. काटा केसांत शिरला की तीच लाळ केसाला लागते.

घरच्या मांजराच्या जिभेवर असे पोकळ काटे सुमारे २९० असतात. सगळ्यांत मिळून लाळ मावते जेमतेम चार मायक्रोलिटर, म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबाचा दहावा भाग. एवढ्याशा लाळेने काय होणार, असं वाटेल. पण महत्त्व मात्रेला नाही, ती कुठे पोचते त्याला आहे. जिभेच्या सपाट पृष्ठावरची लाळ वरच्या केसांना भिजवते. काट्याच्या खोबणीतली लाळ खालच्या मऊ लोकरीतून थेट कातडीजवळ जाते. म्हणजे काटा एकाच वेळी फणीही आहे आणि पाणी नेणारं पन्हाळंही.

त्या अभ्यासात सहा जातींच्या जिभा होत्या: घरचं मांजर, बॉबकॅट, प्यूमा, हिमबिबट्या, वाघ आणि सिंह. सहाही जातींत ही खोबण सापडली. आपल्या निफाड-सिन्नरच्या उसात वावरणारा बिबट्या त्या यादीत नव्हता.

चाटण्याची क्रियाही बघण्यासारखी आहे. मांजर आधी जीभ बाहेर काढतं, मग ती रुंद आणि ताठ करतं. जीभ ताठ झाली की आडवे पडलेले काटे उभे राहतात. मग ती केसांतून ओढतं आणि शेवटी जीभ वळवून आत घेतं. वाटेत गुंता आला तर काटा मऊ बुडाशी थोडा फिरतो आणि केस हळूहळू मोकळे करतो. आपला कडक दातांचा कंगवा गुंत्यात अडकला की हिसका बसतो. काट्याने तसा बसत नाही.

तोंड घशाकडे असण्याचं कारणही यातच आहे. जीभ आत ओढताना काट्याने केस, धूळ, पिसू धरून ठेवायला हवी. पण याच कारणाने काट्यात अडकलेली वस्तू मांजराला थुंकून टाकता येत नाही. ती मागेच सरकते आणि पोटात जाते. मांजर पाळणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं.

मऊफणी

पर्शियनचं मी सांगते. चाटताना जीभ केसांचा थर दाबून चपटा करते. दाबलेल्या थराची जाडी काट्याच्या लांबीपेक्षा कमी असेल तरच काटा कातडीपर्यंत पोचतो. काटा असतो साधारण दोन मिलिमीटरचा. देशी मांजराचे केस दाबल्यावर तेवढ्यात बसतात, पर्शियनचे बसत नाहीत. त्यामुळे वरचे केस ओले होतात आणि खालची गळालेली लोकर जागच्या जागी राहते. ती गुंतून, घासून, लाळेने भिजून नमद्यासारखी घट्ट होते. तुमची पर्शियन आळशी नाही, ताई. तिची जीभ तिथवर पोचतच नाही. तेवढं काम रोज आपल्या हाताने करावं लागतं, दहा-बारा मिनिटं.

जटा धरण्याच्या जागा ठरलेल्या: कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि मागच्या मांड्यांवर. धातूची फणी घ्या, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दातांची. नुसता वरून ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि खाली जटा वाढत राहतात. घरोघरी हीच चूक होते. एका हाताने केस वर धरून कातडीची रेघ दिसेपर्यंत भांग पाडा. मग त्या रेघेतून केसांच्या टोकाकडून मुळाकडे थोडंथोडं विंचरत या. विरळ बाजू अडखळली नाही तरच दाट बाजू लावा.

जट सापडली तर पाणी लावू नका, भिजली की ती आणखी आवळते. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, जटेचं मूळ दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला लागणार नाही, आणि बोटांनीच जट उभी दोन-चार भागांत फाडा. मग फणी. कात्री अजिबात नको. जट ओढली की खालची कातडी तंबूसारखी वर येते आणि मांजराची कातडी इतकी पातळ की केसांबरोबर तीही कापली जाते. कातडीला चिकटून बसलेली जट दवाखान्यात मशिनने काढून घ्या.

उन्हाळा आहे म्हणून पूर्ण भादरण्याचा विचार असेल तर तोही नको. केस उन्हापासून कातडी वाचवतात. पोटाकडचे आणि मागचे केस थोडे कमी केले तरी पुरे.

भिंग_आणि_काचपट्टी

उन्हाळ्यातल्या चाटण्याबद्दल राहून गेलं. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंज्यांच्या गाद्यांना. बाकी अंगावर ते लाळ पसरतं आणि ती सुकताना अंग गार होतं. त्याच अभ्यासाच्या हिशेबानुसार मांजराला लागणाऱ्या गारव्यापैकी चौथ्या हिश्श्यापर्यंत यातून मिळू शकतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा चाटणं वाढलं तर नवल नाही. दुपारी हात ओला करून पाठीवर आणि कानांवर फिरवला तर त्याच कामाला हातभार लागतो.

मात्र एकाच जागी चाटून टक्कल पडत असेल तर ते उन्हामुळे नाही. पिसू, ॲलर्जी किंवा दुखणं शोधावं लागतं.

पशुवैद्य_नाशिकरोड

डागाबद्दल लिहितो. उन्हाळ्यात चाटल्याने जिभेवर डाग पडत नाही. गुळगुळीत, लाल जागा याचा अर्थ तिथलं वरचं आवरण सोलून गेलंय आणि खाली उघडा व्रण आहे. त्यात कोरडं खाणं टाळतो म्हणजे दुखतंय. चार दिवस झालेत, तेव्हा उद्याच तपासून घ्या.

तीन वर्षांच्या बोक्यात पहिला संशय कॅलिसी विषाणूचा. यात व्रण जिभेच्या टोकाशी किंवा कडेला येतात, लाळ गळते, कधी शिंका आणि ताप असतो. कॅलिसी, हर्पिस आणि पॅनल्युकोपेनिया या तिन्हींवरची एकत्र लस झाली आहे का, कार्ड बघा. लस झालेल्यालाही सौम्य आजार होऊ शकतो. तसं असेल तर पर्शियनचं खाण्यापिण्याचं भांडं आजच वेगळं करा.

दुसरा संशय फरशी पुसायच्या औषधाचा. फिनेलमधल्या फिनॉलचा निचरा माणसाचं यकृत ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने करतं, तो मांजरात जवळजवळ नसतो. बेंझाल्कोनियम क्लोराईड असलेली जंतुनाशकंही जीभ भाजतात. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, पंज्याला औषध लागतं, मग ते पंजा चाटतं. वर काट्यांची रचना सांगितली आहे, ती इथे उलटी भोवते: अंगाला जे लागतं ते काटे खरवडून आत नेतात. व्रण लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसतो. त्यामुळे फरशीचा आणि जिभेचा संबंध घरच्यांच्या ध्यानातच येत नाही.

तिसरी शक्यता, विजेची वायर चावणं. वयस्कर मांजर असतं तर किडनी आधी तपासली असती. तीन वर्षांच्या बोक्यातही तोंडाला वास येत असेल आणि पाणी फार पीत असेल तर रक्त तपासणं योग्य.

तोवर मऊ, ओलं खाणं कोमट करून द्या, गरम नको. माणसांचं तोंड आल्यावर लावायचं जेल लावू नका. त्यात सॅलिसिलेट नाहीतर बधिर करणारं औषध असतं आणि दोन्ही मांजराला घातक. बोरॅक्स-ग्लिसरीनही नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. बोक्याने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, आणि मांजर जाड असेल तर धोका जास्त.

गंगापूररोड_दोनमांजरं

खूप आभार सगळ्यांचे. फरशी बादलीत दोन झाकणं फिनेल टाकून पुसली जाते आणि त्या वेळी बोका तिथेच असतो. लस गेल्या वर्षी चुकली आहे. दोन्ही सांगेन दवाखान्यात. फरशीला मग काय वापरायचं? आणि पंजे धुवायचे का?

पशुवैद्य_नाशिकरोड

रोजच्याला साधं पाणी पुरतं. तेलकट जागेला भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसा आणि पुन्हा साध्या पाण्याने. जंतुनाशक लागणारच असेल तर मांजर दुसऱ्या खोलीत, साध्या पाण्याचा एक हात, आणि फरशी पूर्ण कोरडी झाल्यावरच दार उघडायचं.

पंजे आज धुवा. कोमट पाण्यात सौम्य साबण, बोटांच्या मधूनही, मग स्वच्छ पाण्याने दोनदा. फिनेल पोटात गेल्याचा संशय असेल तर उलटी करवू नका. येताना तेच औषध परत घशातून आणि जिभेवरून येतं. बाटली किंवा तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो सोबत आणा, घटक वाचूनच उपचार ठरतो.

जुने_नाशिक_वाडा

काट्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. गुढी उतरवली की साखरेच्या गाठीचा आणि हाराचा दोरा मांजरं पळवतात, साखरेच्या वासाने. संक्रांतीला मांजा. दोरा गिळला तर चमचाभर तूप पाजायचं म्हणजे सरकून जातो, आणि टोक दिसत असेल तर हळूच ओढून घ्यायचं.

पशुवैद्य_नाशिकरोड

दादा, हे दोन्ही कृपा करून कुणी करू नका. मांजराच्या दवाखान्यातली सर्वांत वाईट शस्त्रक्रिया यातून उभी राहते, म्हणून सविस्तर लिहितो.

दोऱ्याचं एक टोक बऱ्याचदा जिभेच्या बुडाशी वेढा घालून अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं. आतडं तो दोरा पुढे ढकलायला बघतं, दोरा जागचा हलत नाही, म्हणून आतडंच दोऱ्यावर चढत जातं. परकराच्या नाडीवर कापडाच्या चुण्या पडतात तसंच. ताणलेला दोरा मग आतड्याची भिंत करवतीसारखा कापतो. तोंडातून ओढा किंवा गुदद्वारातून, ओढलं की हाच ताण वाढतो. मांज्याला काचेची पूड असते, तिथे तर विचारायलाच नको. शिवणाचा दोरा असेल तर पुढे सुईही असू शकते.

तुपाचा उपयोग नाही, कारण अडचण कोरडेपणाची नसून अडकण्याची आहे. शिवाय जबरदस्तीने पाजलेलं तूप किंवा पॅराफिन श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो.

संशय आला तर जिभेखाली बघायचं. एका हाताने डोकं वरून धरा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचे पुढचे बारीक दात दाबून तोंड उघडा, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागी खालून वर दाबा. जीभ उचलली जाते आणि बुडाशी आडवा गेलेला दोरा दिसतो. जुना असेल तर तो मांसात रुतून नुसती लाल रेघ दिसते. दिसला तर हात लावायचा नाही, खाणं बंद, आणि थेट दवाखाना. नाही दिसला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. दोरा जिभेऐवजी जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशीही अडकतो. सारख्या उलट्या, न खाणं, पोटाला हात लावू न देणं या खुणा बघा.

पैठणी_येवला

येवल्यातल्या मागावरच्या घरांसाठी एवढीच भर घालते: रेशमाचे आणि जरीचे तुकडे जमिनीवर न टाकता मागाशेजारी झाकणाच्या डब्यात टाकावेत, आणि कांड्या (दोरा गुंडाळलेल्या नळ्या) रात्री उघड्या ठेवू नयेत. जरीत बारीक धातू असतो, तो साध्या दोऱ्यापेक्षा जास्त कापतो. घरातले गजरे आणि देवाचे हार उतरवले की दोरा लगेच ओढून वेगळा करून टाकावा. निर्माल्याच्या टोपलीत मांजर पहिलं जातं.

भिंग_आणि_काचपट्टी

वाड्यावरच्या दादांच्या पोस्टमधली आणखी एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. साखरेच्या ओढीने मांजर गाठीकडे जात नाही. जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे (रिसेप्टरचे) दोन भाग असतात, आणि त्यातला एक भाग बनवणारं जनुक मांजरात बिघडलेलं आहे. २००५ मध्ये हे सिद्ध झालं. वाघ आणि चित्त्यातही तेच. मांजर श्रीखंड चाटतं ते त्यातल्या स्निग्धासाठी, आणि गाठीकडे जातं ते लोंबत्या दोऱ्यासाठी.

मऊफणी

केसांच्या गोळ्याबद्दल कुणी विचारेलच, म्हणून. गिळलेले बहुतेक केस विष्ठेतून जातात. उरलेले जठरात वळले जाऊन लांबट, शेवयांच्या वळकटीसारखे उलटून पडतात. लांब केसांच्या मांजरात पंधरा दिवसांतून एखादा चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी विंचरणं वाढवा, फणीत आलेला केस पोटात जात नाही. मान पुढे ताणून, जमिनीशी दबून खोकतंय आणि बाहेर काहीच येत नाही, हे वारंवार दिसलं तर गोळा समजून बसू नका. दमा असू शकतो. त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

प्रवाही

जिभेचं टोक गुळगुळीत असतं हे वर आलंय. तुमच्या बोक्याचा डाग नेमका तिथे आहे, म्हणून पाणी पिण्याबद्दल लिहितो.

मांजर कुत्र्यासारखं पाणी ढवळत नाही. ते जिभेचं टोक मागे वळवून फक्त वरच्या बाजूने पाण्याला टेकवतं आणि झटक्यात वर खेचतं. टोकाला चिकटून पाण्याचा एक बारीक खांब वर उठतो, आणि गुरुत्वाने तो खाली पडायच्या आत मांजर जबडा मिटतं. २०१० मध्ये हे वेगवान कॅमेऱ्याने मोजलं गेलं: सेकंदाला साधारण चार वेळा, दर वेळी ०.१४ मिलिलिटर. वाघ-सिंहांची जीभ मोठी, म्हणून त्यांचा वेग सेकंदाला दोनापेक्षा कमी. काट्यांचा यात काहीही वाटा नाही, सगळं काम गुळगुळीत टोकाचं.

मोबाईलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये हे घरी दिसतं. व्हिडिओ आठपट हळू चालतो, म्हणजे पाव सेकंदाचा एक घोट दोन सेकंद दिसेल. ताटली उथळ, रुंद आणि काठोकाठ भरलेली ठेवा, कॅमेरा पाण्याच्या पातळीत. निरोगी मांजरात खांब सरळ उठतो. टोक दुखत असेल तर मांजर एक-दोन घोट घेऊन थांबतं, मान तिरकी करतं किंवा जिभेची बाजू लावायला बघतं.

०.१४ च्या हिशेबाने १०० मिलिलिटरला सातशेच्या वर घोट लागतात, म्हणजे सुमारे तीन मिनिटं सलग. दुखऱ्या टोकाने एवढे घोट होत नाहीत, त्यामुळे असा व्रण असताना खाण्याइतकंच पाण्यावरही लक्ष हवं. चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातल्या ओलाव्यासकट साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. ओलं खाणं दिलं तर त्यातलं बरंचसं तिथूनच जातं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं ओलं खाणं दुहेरी कामाचं आहे.

किती पितो ते मोजायचं असेल तर पर्शियनला दुसऱ्या खोलीत ठेवून एकसारख्या दोन ताटल्यांत २०० मिलिलिटर पाणी घाला. एक बोक्यापुढे, दुसरी त्याच खोलीत त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. संध्याकाळी दोन्ही मोजा. वरच्या ताटलीत जेवढं घटलं तेवढं उन्हाने उडालं, ते बोक्याच्या आकड्यातून वजा करा आणि उरलेला आकडा दवाखान्यात सांगा.